तुम्ही विचारलंत म्हणून: नसबंदीत कापलेली नस पुन्हा का जोडून घेतली?

"मुलगी आहे ना? मग कशाला गेलात?" लग्नात, बाजारात, माझ्या आईच्या दहाव्यालासुद्धा हे विचारलं गेलं.

२००८ मध्ये नसबंदी मीच करून घेतली. बायकोची दोन सिझर झाली होती, तिच्या पोटाला पुन्हा सुरी नको होती. त्याचा पश्चात्ताप मला आजही नाही. २०१८ मध्ये डेंग्यूनं मुलगा गेला. आठवीत होता.

वारस हवा म्हणून मी गेलो नाही. असं सगळ्यांना सांगत आलो. मुलगी गेली असती तरी नस जोडायला गेला असतात का, असं बायकोनं एकदाच विचारलं. मी लगेच 'हो' म्हणालो. फार लगेच म्हणालो.

नसबंदीला तोवर अकरा वर्षं झालेली. डॉक्टरांनी १९९१ सालचा अमेरिकेतला अभ्यास सांगितला: नऊ ते चौदा वर्षांनी नस जोडली तर ७९ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतू परत आले, दिवस राहिले ४४ टक्के जोडप्यांत. ४४ चा आकडा मी घरी सांगितलाच नाही.

मणक्यात इंजेक्शन दिलेलं, कमरेखाली बधिर, पण कान जागे. छातीपुढे हिरवा पडदा. डाव्या नसेतला थेंब काचेवर घेऊन डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकले. "टूथपेस्टसारखं घट्ट आहे. काही दिसत नाही." म्हणजे आणखी मागे, अंडकोषालगतच्या बारीक नळीतही अडथळा. मग उजवी. कुणी बोलेना. एसीची घरघर तेवढी. पाय कुठे आहेत तेही मला कळत नव्हतं, आणि सगळा जीव त्या काचेवरच्या थेंबात. "आहेत. हलत नाहीत, पण आहेत." मी रडलो. हात पट्ट्यांनी बांधलेले, म्हणून सिस्टरनं कापसानं डोळे पुसले. पुढे केसाहून बारीक धाग्यानं टाके, चार तास.

सहा महिन्यांनी रिपोर्टमध्ये शुक्रजंतू दिसले, थोडे. दिवस राहिले नाहीत. मी टेस्ट ट्यूबचं काढलं, तर बायको म्हणाली, "अहो, तेव्हा माझ्या पोटाचा विचार केला होतात ना? आत्ताही करा."

टेस्ट ट्यूबचा फॉर्म घरात आहे. भरला नाही, टाकूनही दिला नाही.

मुलगी आता बारावीला आहे. यातलं काही मी तिला सांगितलेलं नाही. तुम्ही मला खुशाल विचारा, फक्त तिच्यासमोर नको.