डावी टाच, उजवी टाच

आमच्याकडे डिनायलची, म्हणजे विम्याने नाकारलेल्या बिलांची, वर्कलिस्ट रकमेप्रमाणे लागते. हजारो डॉलरचे क्लेम वर, शंभर-सव्वाशेचे तळाला. तळातल्यांवर कुणी जीव टाकत नाही, कारण टार्गेट मोजतात ते वसूल झालेल्या पैशांवर. मी पुण्यात, खराडीला, अमेरिकन बिलिंगच्या नाइट शिफ्टला आहे. ही केस अशीच तळातली. (पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत. हिपा हा पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा अमेरिकन कायदा १९९६चा, आणि आमच्या ट्रेनिंगची सुरुवातच त्याने होते.)

क्लायंट म्हणजे ओहायोतला एक सप्लायर, पेशंटच्या घरी ड्रेसिंगचं सामान पोचवणारा. पेशंट पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई, मधुमेह, टाचेला न भरणारी जखम. मेडिकेअरला, म्हणजे तिकडच्या वयस्कांच्या सरकारी विम्याला, फोमच्या २६ पॅडचं बिल लावलं होतं. १३चे पैसे आले, उरलेले १३ सीओ-१५१ लावून नाकारले. म्हणजे, तुम्ही दिलेल्या माहितीवरून इतके नग लागतात असं आम्हाला दिसत नाही.

क्लेम उघडला आणि कारण लगेच कळलं. कोड ए६२०९, म्हणजे १६ चौरस इंच किंवा त्याहून लहान, चिकट कड नसलेला फोमचा पॅड. हा पॅड आठवड्यातून तीनदा बदलायचा असं धरलेलं असतं, म्हणून एका जखमेला महिन्याला साधारण १३. कोडच्या मागे ए१ ते ए९ यांपैकी एक मॉडिफायर लागतो. हे ड्रेसिंग किती जखमांवर लावतात, तो आकडा त्यात असतो. इथे क्लायंटच्या बिलरने आधीच्या महिन्याचा ए१ तसाच ठेवला होता. एका जखमेला २६ पॅड म्हटल्यावर मेडिकेअरने कापले, ते बरोबरच केलं.

टीम लीड सर मागून डोकावले. "डॉक्टरच्या ऑर्डरवर दोन जखमा आहेत ना? ए२ कर आणि पाठवून दे. दोन मिनिटांचं काम आहे."

"सर, नोट्स बघते आणि पाठवते."

"सव्वाशे डॉलरसाठी?"

नुसत्या ऑर्डरवर भागत नाही. निदान महिन्यातून एकदा प्रत्येक जखमेची तपासणी झालेली हवी आणि ती लिहिलेली हवी: कुठे आहे, लांबी-रुंदी-खोली किती, स्राव किती. एप्रिलच्या नोंदीत वर डावी टाच होती, २.० × १.६ सेंमी, खोली दिलेली, स्राव मध्यम. चार-पाच ओळी खाली एकदाच 'उजवी टाच, १.५ × १.२' असं आलं होतं. खोली नाही, स्राव नाही. निदानाचे कोडही ई११.६२१ आणि एल९७.४२२ एवढेच, म्हणजे मधुमेहामुळे पायाला अल्सर आणि तो डाव्या टाचेला.

आता ही उजवी टाच खरी की हात चुकला? कॉपी-पेस्टच्या नोट्समध्ये डाव्याचं उजवं रोज होतं. मी तर अशी नोंद पाहिलीय, जिच्यात कापलेल्या पायाची नाडी उत्तम लागत होती. समजा दोन्ही जखमा डाव्याच टाचेवर शेजारी-शेजारी असतील, तर चार इंची एकच पॅड दोन्ही झाकतो आणि २६ चा दावा तिथेच कोसळतो. त्यात आणखी एक मेख. मेडिकेअरमध्ये हे ड्रेसिंग मिळतं ते शस्त्रक्रियेच्या किंवा डिब्राइडमेंट केलेल्या, म्हणजे मेलेला भाग काढून साफ केलेल्या, जखमेसाठी. उजवी जखम कुणी साफ केलीच नसेल तर तिला एकही पॅड नाही.

म्हणून डिब्राइडमेंटचा परिच्छेद काढला. कोड ११०४२, आणि पुढे लिहिलेलं: एकूण ५.० चौरस सेंटिमीटर. या कोडमध्ये सारख्याच खोलीपर्यंत साफ केलेल्या जखमांचं क्षेत्रफळ एकत्र धरतात. डावीचं २.० गुणिले १.६, म्हणजे ३.२. मग वरचे १.८ कुठून आले? १.५ गुणिले १.२ केलं. १.८! रात्री दीडच्या सुमाराला एवढ्याशा बेरजेने मला जो आनंद झाला, तो घरी कुणाला सांगून कळणार नाही. जखमा दोन होत्या, दोन्ही साफ केलेल्या होत्या आणि 'उजवी' हा हात चुकून पडलेला शब्द नव्हता.

पण माझी बेरीज म्हणजे डॉक्टरची नोंद नव्हे. आपले रात्रीचे दोन वाजले की ओहायोत उन्हाळ्यात दुपारचे साडेचार, आणि क्लिनिक पाचला बंद. रेकॉर्ड्सच्या बाईंना फोन लावला, पुढच्या भेटीच्या नोट्स मागितल्या. त्या म्हणाल्या, फॅक्सने पाठवते. (अमेरिकेत हृदयाची झडप मांडीतून नळी घालून बदलतात, पण कागद अजून फॅक्सनेच फिरतात.)

फॅक्स आला. मेच्या नोंदीत नर्सने लिहिलं होतं की पेशंटकडचं सामान संपत आलंय, नवीन आलेलं नाही, म्हणून बाई एक पॅड कात्रीने मधोमध कापून अर्धा डाव्या टाचेला आणि अर्धा उजव्या टाचेला लावतात. उजव्या जखमेच्या कडेची कातडी भिजून पांढरी पडलेली.

मला तिथे थांबावंच लागलं. क्लेम अडकला की सप्लायरच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढची डिलिव्हरी आपोआप होल्डवर जाते. आमच्या यादीत तळाला पडलेल्या त्या एका ओळीपायी तिकडे बाई कात्री चालवत होत्या. पॅड जखमेपेक्षा साधारण दोन इंच मोठा असावा, असं मेडिकेअरचं धोरण स्वतःच सांगतं. चार इंची पॅड अर्धा केला की रुंदी उरते दोनच इंच. स्राव बाहेर झिरपणारच.

सरांना तो फॅक्स दाखवला. त्यांनी वाचला, खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "आधी होल्ड काढायला सांगू. अपील मागून होईल." क्लायंटला मेल त्यांनीच लिहिला, त्यांच्या नावाने, म्हणजे तिकडे कुणी टाळाटाळ करणार नाही. दुसऱ्या दिवशी होल्ड निघाला.

अपिलाचं काम रटाळ होतं. डॉक्टरला क्वेरी पाठवताना 'उजव्या टाचेलाही जखम होती ना?' असं विचारता येत नाही, ते उत्तर तोंडात घालणं झालं. 'एप्रिलच्या नोंदीतल्या प्रत्येक जखमेची जागा, माप, खोली आणि स्राव स्पष्ट करावा' एवढंच विचारलं. त्यांनी पुरवणी नोंद केली, ती ज्या दिवशी लिहिली त्याच तारखेने आणि सहीने, म्हणजे जुन्या नोंदीत गुपचूप भर नाही. उजव्या टाचेचा एल९७.४१२ जोडला, ए१ चा ए२ झाला. पहिल्या अपिलाला १२० दिवस असतात, त्यात आरामात बसलो. उरलेल्या १३ पॅडचे पैसे आले.

खरं सांगायचं तर मला मेडिकेअरच्या नियमाचा राग नाही. नग मोजायला काहीतरी माप हवंच, नाहीतर घरोघरी फोमची खोकी साठतील. राग आहे तो न विचारता लागणाऱ्या होल्डचा. तो मी क्लायंटच्या मीटिंगमध्ये बोलून दाखवला. होल्ड काही बंद झाला नाही, पण आता तो लागण्याआधी एका माणसाला चार्ट बघावा लागतो. शिवाय बिल फॉर्ममध्ये जखमांचा आकडा मागच्या महिन्यातून आपोआप येत नाही, दर वेळी हाताने भरायचा. बिलर मंडळी त्यावरून कुरकुरतात. डाव्या-उजव्याचा कोड नोंदीशी ताडून बघणारा चेकही मागितलाय, पण तो त्यांच्या आयटीच्या यादीत अडकलाय.