ड्रॅगनाइट वाढवताना कँडी कुठे घालायची

वादळात भरकटलेल्या जहाजांना किनाऱ्याला आणून सोडणारा, बुडत्यांच्या मदतीला धावणारा, मनाने अतिशय मऊ. पोकेडेक्समध्ये, म्हणजे खेळातल्या पोकेमॉनच्या माहितीकोशात, ड्रॅगनाइट या पोकेमॉनचं वर्णन वर्षानुवर्षं असंच येतं. उंची २.२ मीटर, वजन २१० किलो, गोल पोट आणि त्या पोटाला न शोभणारे इवलेसे पंख. पण त्याच नोंदींमध्ये असंही आहे की हा १६ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो. मूळ व्हिडिओ गेमच्या मालिकेत त्याच्या सहा गुणांची (एचपी म्हणजे जीवनशक्ती, अटॅक म्हणजे माराची ताकद वगैरे) बेरीज ६०० आहे. आर्टिकुनो, झॅपडॉस आणि मोल्ट्रेस हे तिन्ही लेजंडरी (अतिदुर्मिळ) पक्षी ५८० वर थांबतात. म्हणजे ताकदीत हा कुणापेक्षा कमी नाही, पण ती ताकद हाती यायला खूप वेळ लागतो. मूळ गेममध्ये त्याचं पहिलं रूप ड्राटिनी ३० व्या लेव्हलला ड्रॅगनएअर होतो आणि ड्रॅगनएअर थेट ५५ व्या लेव्हलला ड्रॅगनाइट.

पोकेमॉन गो, म्हणजे फोन घेऊन चालत-फिरत पोकेमॉन पकडायचं गेम, भारतात अधिकृतपणे आलं डिसेंबर २०१६ मध्ये. तेव्हापासून मुंबईच्या ग्रुप्सवर ड्रॅगनाइटबद्दल एक प्रश्न हमखास येतो: 'आयव्ही ८२ टक्के आहे, वाढवू की हंड्रेडची वाट बघू?' आयव्ही म्हणजे प्रत्येक पोकेमॉनला मिळालेले ० ते १५ जादा गुण, आणि हंड्रेड म्हणजे ते सगळे १५ असलेला. माझं उत्तर ठाम आहे. वाढवा. आयव्हीपेक्षा लेव्हल मोठी आणि लेव्हलपेक्षा मूव्ह (त्याचा हल्ला) मोठी. याचा हिशोब अगदी साधा आहे.

गोमध्ये ड्रॅगनाइटचा मूळ अटॅक २६३. त्यात आयव्हीचे जास्तीत जास्त १५ मिळतात. अटॅक आयव्ही १० असलेला आणि १५ असलेला शेजारी ठेवा: २७३ आणि २७८. फरक दोन टक्क्यांच्याही आत. आता लेव्हल बघा. ३० वरून ४० वर नेलं की सगळे गुण साधारण आठ टक्क्यांनी वाढतात. आणि मूव्ह? ड्रॅगनाइटचे टाइप (प्रकार) ड्रॅगन आणि फ्लाइंग; त्याच्याकडे हायपर बीम राहिला तर तो नॉर्मल टाइपचा हल्ला. त्याला स्वतःच्या टाइपचा २० टक्के बोनस नाही आणि तो कुठल्याही टाइपवर सुपर इफेक्टिव्ह (जास्त मार देणारा) नाही. रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनला हरवायच्या लढाईत, ड्रॅगन टाइपच्या बॉससमोर आउटरेज या ड्रॅगन हल्ल्याला हा २० टक्क्यांचा बोनस मिळतो आणि वर १.६ पट मारही बसतो. हंड्रेड ड्रॅगनाइटला हायपर बीम ठेवून लोक वर्षभर खेळतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

आता खर्च, म्हणजे त्या त्या पोकेमॉनच्या कुळाची कँडी आणि सगळ्यांना चालणारा स्टारडस्ट. लेव्हल २० चा ड्राटिनी आहे असं धरू. ड्रॅगनएअर करायला २५ कँडी, मग ड्रॅगनाइट करायला १००. लेव्हल ३० पर्यंत न्यायला ६६ कँडी आणि ७५,००० स्टारडस्ट. इथपर्यंत १९१ कँडी झाल्या. दुसरा चार्ज्ड मूव्ह (एनर्जी साठवून करायचा मोठा हल्ला) हवा तर आणखी ७५ कँडी आणि ७५,००० स्टारडस्ट. लेव्हल ३० ते ४० हा टप्पा मात्र महागडा: १८२ कँडी आणि १,५०,००० स्टारडस्ट. त्यापुढे ५० पर्यंत २९६ एक्सएल कँडी (वरच्या लेव्हलसाठीची वेगळी कँडी) आणि २,५०,००० स्टारडस्ट, आणि मिळतात जेमतेम सहा टक्के. म्हणून रेडसाठी ३० वर थांबा आणि उरलेल्या कँडीत दुसरा ड्रॅगनाइट उभा करा. लेव्हल ३० चे दोन ड्रॅगनाइट रेडमध्ये ४० च्या एकापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतात.

या १९१ कँडी आणायच्या कुठून? बडी (सोबत चालणारा पोकेमॉन) करून चालायचं म्हटलं तर ड्राटिनीला एका कँडीसाठी ५ किलोमीटर लागतात. मरीन ड्राइव्ह या टोकापासून त्या टोकापर्यंत ३.६ किलोमीटर. जाऊन-येऊन ७.२ झाले आणि हातात आली एक कँडी. नुसत्या चालण्यावर १९१ जमवायला ९५५ किलोमीटर होतात. पॉफिन खाऊ घालून किंवा दिवसभर लाड पुरवून बडीला एक्सायटेड केलं की अंतर निम्म्यावर येतं, तरीही हा मुख्य मार्ग होऊ शकत नाही. लोकलमधलं अंतर धरूच नका. वेग ताशी दहाएक किलोमीटरच्या वर गेला की खेळ मोजणं सोडतो. ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या बेस्टच्या बसमध्ये थोडंफार पदरात पडतं, एवढंच. अ‍ॅडव्हेंचर सिंक चालू असेल तर फोन खिशात ठेवूनही पावलं मोजली जातात, त्यामुळे ते बंद असेल तर आजच चालू करा.

खऱ्या कँडी येतात पकडण्यातून. ड्राटिनीच्या ३ कँडी पिनॅप बेरीने ६ होतात, ड्रॅगनएअरच्या ५ च्या १०, जंगली ड्रॅगनाइटच्या १० च्या २०. म्हणजे पिनॅप घालून बत्तीसएक ड्राटिनी पकडले की १९१ चा आकडा गाठला. रेअर कँडी (कुठल्याही पोकेमॉनला चालणारी) यावर उधळू नका, ती लेजंडरींसाठी ठेवा. ड्राटिनी पुन्हा पुन्हा येत राहतो.

ट्रेडचा, म्हणजे दुसऱ्या खेळाडूशी पोकेमॉन अदलाबदलीचा, मार्ग मुंबईकरांनी जास्त वापरायला हवा. ट्रेडमधल्या दोन पोकेमॉनच्या पकडण्याच्या जागांमध्ये १० किलोमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर एकच कँडी मिळते, १० ते १०० मध्ये दोन, १०० च्या वर तीन. चर्चगेटला पकडलेला आणि विरारला पकडलेला असे दोन बदलले तरी दोन कँडी. पुण्यात पकडलेला कुणाकडे असेल तर सरळ तीन, कारण मुंबई-पुणे हवाई अंतर शंभराच्या वर जातं. तेव्हा कामासाठी पुण्याला किंवा नाशिकला जाणाऱ्यांनी तिथले ड्राटिनी कमी आयव्हीचे म्हणून ट्रान्सफर करून टाकू नयेत. साध्या ट्रेडला १०० स्टारडस्ट लागतात. समोरच्याच्या पोकेडेक्समध्ये ड्रॅगनाइट नसेल किंवा पोकेमॉन शायनी (वेगळ्या रंगाचा) असेल तर मात्र तो स्पेशल ट्रेड होतो आणि खर्च प्रचंड वाढतो. ट्रेडमध्ये आयव्ही नव्याने ठरतात. ट्रेडमध्ये नशिबाने 'लकी' निघाला तर प्रत्येक आयव्ही किमान १२ आणि पॉवर-अपचा स्टारडस्ट निम्मा. माझ्या लेखी लकी ड्रॅगनाइट हा हंड्रेडपेक्षा व्यवहार्य आहे.

पावसाळ्यात खेळातल्या हवामानाकडे लक्ष ठेवा. पावसाचं चिन्ह असताना वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग यांना बळ मिळतं, ड्रॅगनला काही नाही. ड्रॅगनला हवा वारा. वाऱ्याचं चिन्ह दिसलं की ड्रॅगन हल्ल्यांना २० टक्के जास्त जोर, जंगली ड्राटिनी ३५ व्या लेव्हलपर्यंतचा मिळू शकतो आणि त्याचे आयव्ही किमान ४-४-४ असतात. खेळ शहराचे मोठे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं हवामान देतो. कुलाब्यात पाऊस असताना बोरिवलीत वारा असू शकतो, त्यामुळे लांबच्या ग्रुपवरचा स्क्रीनशॉट पाहून बेत ठरवू नका.

पावसात पकडताना खरी अडचण स्क्रीनची होते. काचेवरचा थेंब फोनला दुसऱ्या बोटासारखा वाटतो, फिरवलेला बॉल मध्येच सुटतो आणि चेंडू भलतीकडे जातो. प्लॅस्टिकचं पाउच वापरत असाल तर ते काचेला घट्ट बसलेलं हवं, मध्ये हवा राहिली की स्वाइप अर्धवट नोंदली जाते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर झाडाखाली उभे असाल तर पाऊस थांबल्यावरही पानांतून ठिबकत राहतं, रुमाल हाताशी ठेवा. आणि फेकण्याची पद्धत ही: बॉल दाबून धरा, वर्तुळ एक्सलंटच्या (सगळ्यात लहान) मापाला आलं की न फेकता बोट उचला. वर्तुळ त्या मापाला थांबतं. आता पोकेमॉन हल्ला करेपर्यंत नुसतं बघत राहा. हल्ल्याची हालचाल अर्ध्यावर आली की बॉल फिरवून फेका, म्हणजे हल्ला संपता संपता तो पोहोचतो. घाई केली तर हल्ल्यात बॉल उडवला जातो, उशीर केला तर वर्तुळ पुन्हा हलू लागतं. शंभरदा जमलं नाही तरी सोडू नका, एकदा हात बसला की प्रत्येक पोकेमॉनला उपयोगी पडतं.

मूव्हबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. रेडसाठी फास्ट मूव्ह (सतत मारायचा छोटा हल्ला) ड्रॅगन टेल. स्टील विंग आला तर बदलाच. चार्ज्डमध्ये आउटरेज किंवा ड्राको मीटिओर. ड्राको मीटिओर पहिल्यांदा मिळाला २४ फेब्रुवारी २०१८ च्या ड्राटिनी कम्युनिटी डेला (एकाच पोकेमॉनसाठीचा खास दिवस), मग ५ नोव्हेंबर २०२२ च्या कम्युनिटी डे क्लासिकला पुन्हा. अशा दिवशी ठरवून दिलेल्या वेळेतच ड्रॅगनएअरचा ड्रॅगनाइट करावा लागतो. एरवी एलिट चार्ज्ड टीएम (हवा तो मूव्ह निवडून बदलायची वस्तू) लागतो, आणि तो फक्त यासाठी मी खर्च करणार नाही. ड्राको मीटिओरची ताकद १५०, पण त्याला पूर्ण १०० एनर्जी लागते. ९० एनर्जी साठलेली असताना ड्रॅगनाइट पडला की ती सगळी वाया. आउटरेजची ताकद ११० आणि एनर्जी ५०, त्यामुळे पडताना फार काही मागे राहत नाही. त्याचा दोष एवढाच की हालचाल जवळजवळ चार सेकंद चालते. एचपीची पट्टी लाल झाली असेल तर तो दाबू नका, मार बसायच्या आधीच तुमचा गडी पडेल. साधा चार्ज्ड टीएम कोणता मूव्ह देईल याचा नेम नसतो, म्हणून चांगला मूव्ह आला की तिथेच हात आवरा.

आता रेडमध्ये याला कुठल्या बॉससमोर उतरवायचं? पाल्किया. वॉटर आणि ड्रॅगन अशा जोडीमुळे त्याला दोनच कमजोऱ्या आहेत, ड्रॅगन आणि फेअरी. बर्फाचे हल्ले तिथे साधेच लागतात, त्यामुळे एरवी ड्रॅगन रेडमध्ये मिरवणारा बर्फवाला मॅमोस्वाइन इथे मागे पडतो. शिवाय पाल्कियाचे वॉटर आणि फायरचे चार्ज्ड मूव्ह ड्रॅगनाइट सहज झेलतो. ड्राको मीटिओरवाला पाल्किया आला तर मात्र एका फटक्यात जातो, तेव्हा दोन टीम तयार ठेवा. रेशिराम आणि झेक्रोमसमोरही हा चांगला चालतो. बर्फवाल्या क्युरेमसमोर चुकूनही नको. ड्रॅगन आणि फ्लाइंग या दोन्ही टाइपना बर्फ लागतो, त्यामुळे बर्फाचा मार २.५६ पट बसतो. जिममध्ये राखणदार म्हणून ठेवला तरी याच कारणाने लवकर पडतो.

शॅडो (टीम रॉकेट या खेळातल्या खलनायक टोळीकडून सोडवलेला) ड्राटिनी मिळाला तर प्युरिफाय (साधा) करू नका. शॅडोचा मार २० टक्के जास्त बसतो. तो स्वतः २० टक्के जास्त खातोही, पण रेडमध्ये हा सौदा फायद्याचाच आहे. त्याच्यासोबत येणारा फ्रस्ट्रेशन हा मूव्ह फक्त टीम रॉकेटच्या ठरावीक इव्हेंटमध्येच टीएमने जातो, तोवर धीर धरा. शॅडो ट्रेड करता येत नाही आणि त्याला वाढवायला २० टक्के जास्त खर्च येतो.

मास्टर लीगचा, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या सर्वांत वरच्या गटाच्या लढतींचा, हिशोब वेगळा. तिथे लेव्हल ५० आणि १५-१५-१५ याला अर्थ आहे, कारण एका फास्ट मूव्हच्या फरकाने सामना फिरतो. तिथे ड्रॅगन ब्रेथ, ड्रॅगन क्लॉ आणि स्टीलवाल्यांसाठी सुपरपॉवर. फेअरी समोर आली की लगेच बदला, ड्रॅगन हल्ल्याचा तिच्यावर ३९ टक्केच परिणाम होतो.

निन्टेन्डो स्विचवर पोकेमॉन स्कार्लेट किंवा व्हायोलेट खेळणाऱ्यांसाठी तर ड्रॅगनाइट म्हणजे मल्टिस्केल ही अ‍ॅबिलिटी (अंगभूत शक्ती). एचपी पूर्ण भरलेला असताना येणारा प्रत्येक फटका निम्मा. बर्फाचा चौपट मारही दुप्पटीवर येतो. पण एक ओरखडा पुरे आणि हे कवच गेलं. स्टेल्थ रॉक (समोरच्याने पेरलेले दगड) पसरलेले असतील तर मैदानात येतानाच याचा पाव एचपी जातो, म्हणून सिंगल्समध्ये (एकास एक लढतीत) त्यापासून वाचवणारे हेवी-ड्यूटी बूट्स द्या. वाळूचं वादळही हे कवच मोडतं. एक ड्रॅगन डान्स (अटॅक आणि वेग वाढवणारा), गरज पडली तर रूस्टने अर्धा एचपी परत, मग एक्स्ट्रीम स्पीड. टेरा टाइप (लढाईत बदलून घेता येणारा टाइप) नॉर्मल ठेवला तर एक्स्ट्रीम स्पीडला स्वतःच्या टाइपचा बोनस मिळतो आणि बर्फाची कमजोरी नाहीशी होते, उरते फक्त फायटिंगची. अडामंट नेचर (अटॅक वाढवणारा स्वभाव), अटॅकमध्ये २५२ ईव्ही (सरावाने मिळणारे गुण). पकडलेल्याला बहुधा मल्टिस्केलऐवजी इनर फोकस असतो, तो अ‍ॅबिलिटी पॅचने बदलता येतो. पॅच एकच असेल तर दुसऱ्या कुणाआधी यालाच द्या.