दुप्पट वेगाने ऐकलेली कविता

जुलै 2025. सोमवारचा पहिला तास संपत आला होता. शिपाईमामा दारात आले आणि म्हणाले, "बाई, एका पोराची आई आलीय. हापिसात बसत नाही म्हणते, तुम्हालाच भेटायचंय."

व्हरांड्यात त्या भिजलेल्या छत्रीशेजारी उभ्या होत्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल होता. "बाई, पोरगं शुक्रवारच्या रातीपासनं धड जेवलं न्हाई. शाळंत जात न्हाई म्हणतंय. मालकांनी आज मुद्दाम फोन घरी ठेवला. ह्यात काय हाय ते तुमीच बघा. मला वाचाय येत न्हाई, पण आवाज माझ्या पोराचा हाय."

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते आणि आठवीची वर्गशिक्षिका आहे. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसतो. तो बोलताना अडखळतो. 'क' आणि 'प' त्याला जड जातात. पण सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतो तेव्हा तो एकदाही अडत नाही. तोतरेपणात असं पुष्कळदा होतं, सामूहिक म्हणण्यात किंवा गाण्यात शब्द मोकळे सुटतात. हे मला माहीत होतं. तरीही शुक्रवारी मी सगळ्यांना सांगितलं होतं, की कविता घरी पाठ करा, आवाज रेकॉर्ड करा आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. एकेकट्याने, सगळ्यांच्या देखत. सांगताना तो माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मनात आला नाही.

फोनवर सतरा सेकंदांचा व्हिडिओ होता. एक माणूस जुन्या मोटारसायकलला किक मारतोय, गाडी सुरू होत नाही, तो पुन्हा किक मारतोय. आणि प्रत्येक किकला माझ्या विद्यार्थ्याचा आवाज: "क... क... क..." कवितेतला तेवढाच तुकडा कापून पुन्हा पुन्हा जोडलेला. हा माझा ग्रुप नव्हता. मुलांनी आपला वेगळा ग्रुप काढला होता, त्यात 38 जण. शुक्रवारी रात्री साडेनऊला व्हिडिओ पडला होता. खाली चौदा जणांची हसणारी तोंडं. एकानेही 'काढ हे' असं लिहिलेलं नव्हतं.

मुख्याध्यापक सर शांतपणे ऐकून घेतात, ही आमच्या शाळेची मोठी जमेची बाजू. पालकांना बोलवावं का, लेखी घ्यावं का, यावर थोडी चर्चा झाली. मी एवढंच मागितलं, की आजचे माझे दोन तास मला द्या आणि मुलांना ओळीत उभं करून कोणी बोलू नका. ज्याची एकदा चव्हाट्यावर थट्टा झाली, त्याच्या नावाने दुसरा चव्हाटा मला भरवायचा नव्हता.

व्हिडिओ करणारा मुलगा लगेच कबूल झाला. हुशार आहे, हात चांगला चालतो, गणपतीत मंडळाचे व्हिडिओ तोच करतो. आईला बोलावून तिचा फोन आणायला लावला आणि त्याला म्हटलं, आधी ते काढ. त्याने मेसेजवर बोट दाबून धरलं आणि बघत राहिला. सगळ्यांच्या फोनमधून काढायचा पर्याय तिथे आता नव्हता. त्याला दोन दिवसांहून थोडी जास्त मुदत असते, आणि सोमवारची दुपार झाली होती. फक्त स्वतःपुरतं पुसता येत होतं. "बाई, मला वाटलं कधीपण काढता येतं," तो म्हणाला. मग तो रडायला लागला. मला त्याचं रडणं खरं वाटलं. सात-आठ वर्षांची मुलंसुद्धा फोन चालवतात आणि आपण त्यांच्या हुशारीचं कौतुक करतो. पाठवलेली गोष्ट आपल्या हातात राहत नाही, हे सांगायला मात्र कोणीच बसत नाही. या मुलांचं तर तिसरीचं वर्ष, 2020-21, फोनवरच गेलं. अक्षरं पक्की व्हायच्या वयात शाळा म्हणजे तो पडदा होता. आम्ही शिक्षकांनी त्यांना लिंक उघडायला शिकवलं, माईक बंद करायला शिकवलं. त्यापुढे गेलो नाही.

हसणाऱ्या चौदा जणांना मी एकेकट्याला प्रयोगशाळेत बोलावलं. पहिलीच मुलगी म्हणाली, "बाई, मी काहीच बोलले नाही. फक्त हसणारं टाकलं."

हेच वाक्य थोड्याफार फरकाने नऊ जणांनी सांगितलं. खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्या हिशेबी ते बोलणं नव्हतंच. मी कोणालाच फोन दिला नाही, व्हिडिओ दाखवला नाही. फक्त म्हटलं, "मग आत्ता हस. जसं टाकलंस तसं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत." कोणालाही हसता आलं नाही. एक मुलगा तोंड उघडून उभा राहिला आणि त्याने तोंड मिटून घेतलं. हे बरोबर केलं की नाही, यावर मी नंतर खूप विचार केला. मुलांना अवघडून टाकणं मला आवडत नाही. पण दार बंद होतं, तिसरं माणूस नव्हतं, आणि प्रत्येक जण बाहेर पडताना मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

एक जण वेगळा होता. त्याने हसणारं टाकलं नव्हतं, पण दुसऱ्या शाळेतल्या मामेभावाला व्हिडिओ पाठवला होता. "मी केला नाही बाई, नुसता पुढं पाठवला."

त्या 'नुसता'वर मी पुढच्या तासाला वर्गात बोलले, कोणाचं नाव न घेता. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं भिक्षा मागत फिरत होती, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज त्या दिवसांत गावोगाव फिरत होते. "तुम्ही तेव्हा नुकतेच पहिलीत गेला होता," मी म्हटलं. "त्या मेसेजांचा पहिला लिहिणारा कोण, कोणास ठाऊक. पण मेसेज गावात पोचला तो पुढे पाठवणाऱ्यांच्या हातून, आणि त्यांतल्या प्रत्येकाने तो नुसता पुढं पाठवला होता." त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी मेसेज पुढे पाठवणं बंद केलं, हेही सांगितलं. वर्ग गप्प होता. मामेभावाला पाठवणाऱ्या मुलाने दप्तरात मान घातली होती. संध्याकाळी त्याने मामेभावाला फोन करून तो व्हिडिओ काढायला लावला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मग मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. धीट आहे, मला आवडते. "बाई, रागावू नका. पण तुम्हीपण नावं टाकता की ग्रुपवर. गृहपाठ न करणाऱ्यांची. सगळ्यांचे आईबाबा वाचतात. माझ्या बाबांनी मारलं होतं मला."

मी ती यादी दर आठवड्याला टाकत असे. लॉकडाऊनमध्ये लागलेली सवय. वेळ वाचतो, मुलं वचकून राहतात, असं वाटायचं. पत्रलेखनाचा धडा शिकवताना मायना कसा, 'महोदय' कुठे, 'आपला नम्र' कुठे, खाली ई-मेल कुठे, हे मी फळ्यावर आखून देते. समोरच्या माणसाचा मान राखायचा म्हणून ते सगळं असतं, हेही सांगते. आणि रात्री घरी बसून तेरा वर्षांच्या मुलांची नावं चारशे डोळ्यांपुढे टाकते. मी वर्गात म्हटलं, "माझं चुकलं. यादी आजपासून बंद." त्या मुलीला घरी मार बसला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता, याचं वाईट वाटणं अजून गेलेलं नाही.

शाळा सुटल्यावर मी तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाच्या घरी गेले. तो अंगणात पत्र्याखाली गवताच्या पेंढ्या रचत होता. मला बघून आत जायला निघाला, आईने थांबवलं. मी त्याला झालेलं सगळं सांगितलं. पोरं माफी मागायला यायचं म्हणत होती, त्यांना घेऊन येऊ का, असं विचारलं. त्याने मान हलवली, नको. मग काय हवं? बराच वेळ तो पेंढीची दोरी आवळत राहिला.

"बाई, मी ब... बारा वेळा रेकॉर्ड केलं होतं. अकरा पुसले. बारावं चांगलं झालं म्हणून टाकलं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही ऐकलंत का? सगळं?"

'हो' जिभेवर आलं होतं. शुक्रवारी रात्री 41 रेकॉर्डिंग तपासायची होती. आवाज दुप्पट वेगाने ऐकायची सोय असते, ती लावून मी एकेक उरकलं होतं. त्याचं मध्येच सोडलं होतं आणि खाली अंगठा टाकला होता.

"नाही रे," मी म्हटलं. "पूर्ण नाही ऐकलं."

त्याने पेंढी उचलून थप्पीवर ठेवली. "मग ऐका," म्हणाला.

रात्री जेवणं झाल्यावर मी फोन घेऊन बसले. वेग एकवर आणला. तीन मिनिटं आणि काही सेकंद. दुसऱ्या कडव्यात 'क' अडतो, तो थांबतो, पुन्हा मागच्या शब्दापासून सुरू करतो, आणि या वेळी 'क' सुटतो. तिसरं कडवं तो चालीत म्हणतो, वर्गात म्हणतो त्याच चालीत, आणि तिथे एकदाही अडत नाही. शेवटच्या ओळीनंतर मोठा श्वास आणि हळू आवाजात, "झालं, बाई."

मी त्याला उत्तर आवाजातच पाठवायचं ठरवलं. दुसऱ्या कडव्याबद्दल बोलायचं होतं, तिसऱ्याच्या चालीबद्दल बोलायचं होतं. तीन वेळा पुसलं. चौथं पाठवलं.