न्यू साउथगेटची समाधी आणि सत्याचा स्वतंत्र शोध

एकोणिसाव्या शतकात इराणात उगम पावलेल्या बहाई धर्माची पवित्र स्थळे पाहायची म्हणजे इस्रायलमधल्या हैफा आणि अक्का येथे जायचे, हा सर्वांचा सरधोपट मार्ग आहे. मी मात्र आधी लंडनला गेले, कारण या धर्मात सुधारणा मागणारे आजवर जे जे उभे राहिले, त्यांच्या वादाचे धागेदोरे याच शहरातून जातात. संघटित धर्मावरचा विश्वास डळमळला, पण ईश्वराची ओढ काही सुटली नाही, अशा अवस्थेत अनेक जण असतात, आणि मीही त्यांच्यातलीच एक आहे. त्यामुळे हा वाद मला दुसऱ्याच्या घरातला वाटत नाही.

पहिले ठिकाण होबर्न व्हायाडक्टवरचे सिटी टेंपल हे चर्च. धर्मसंस्थापक बहाउल्लांचे पुत्र आणि वारस, ऑटोमन सत्तेच्या कैदेत आणि नजरकैदेत उभे आयुष्य काढलेल्या अब्दुल बहांनी पाश्चात्त्य देशांतले आपले पहिले जाहीर भाषण 10 सप्टेंबर 1911 रोजी येथे केले. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात चर्चचा आतला भाग नष्ट झाला आणि पुढे तो नव्याने बांधला गेला, त्यामुळे त्या दिवशीचे सभागृह आज पाहायला मिळत नाही. तरीही समोरच्या पदपथावर मी बराच वेळ उभी राहिले. त्या काळी आपापल्या चर्चचे सदस्यत्व न सोडताही माणूस स्वतःला बहाई म्हणवून घेऊ शकत असे. पुढे 1930 च्या दशकात अब्दुल बहांचे नातू आणि त्यांच्यानंतरचे धर्मप्रमुख, म्हणजे ‘धर्मसंरक्षक’, शोगी एफेंदींनी इतर धर्मसंस्थांचे सदस्यत्व सोडण्याचा दंडक घातला आणि ती सैलसर, मोकळी चळवळ एक रेखीव धर्मसंस्था झाली. सुधारणावाद्यांची हळहळ आहे ती याच हरवलेल्या मोकळेपणाची.

तेथून भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गाने आर्नोस ग्रोव्हला उतरले आणि निवांत वस्तीतून चालत न्यू साउथगेटच्या दफनभूमीत पोहोचले. शोगी एफेंदी कामानिमित्त लंडनला आले असताना फ्लूच्या साथीत आजारी पडले आणि 4 नोव्हेंबर 1957 रोजी निवर्तले. मृत्यूच्या ठिकाणापासून तासाभराच्या प्रवासापेक्षा अधिक दूर पार्थिव नेऊ नये, असा बहाई धर्माचा नियम असल्यामुळे हैफाच्या कार्मेल पर्वतावर आयुष्य वेचलेल्या या धर्मसंरक्षकाला येथेच मूठमाती मिळाली. आजूबाजूला इंग्रज कुटुंबांच्या जुन्या, करड्या पडलेल्या कबरी आहेत आणि मध्येच पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा एक स्तंभ उभा आहे. त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल असून गोलावरचा आफ्रिका खंड पाहणाऱ्याच्या समोर येतो, आणि त्या गोलावर सोनेरी मुलाम्याचा गरुड बसलेला आहे.

शोगी एफेंदींना अपत्य नव्हते, त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते, आणि घराण्यातले जे पुरुष वारस ठरू शकले असते ते सर्व आधीच करारभंग, म्हणजे नियुक्त नेतृत्वाविरुद्ध बंड, केल्याच्या आरोपावरून धर्माबाहेर गेले होते. अब्दुल बहांच्या मृत्युपत्राने ज्या धर्मसंरक्षकपदाची परंपरा घालून दिली, ती पहिल्याच संरक्षकापाशी खुंटली. 1960 मध्ये अमेरिकन बहाई नेते मेसन रेमी यांनी त्या पदावर हक्क सांगितला, पण बहुसंख्य बहाईंनी तो मानला नाही. 1963 मध्ये विश्व न्याय मंदिर ही धर्माची सर्वोच्च, नऊ सदस्यांची संस्था निवडून आली आणि लंडनच्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरलेल्या जागतिक संमेलनात तिचे स्वागत झाले.

सुधारणेची हाक मात्र याहून जुनी आहे. अमेरिकेतल्या रूथ व्हाइट यांनी अब्दुल बहांचे मृत्युपत्रच बनावट असल्याचा आरोप केला आणि एका इंग्रज हस्ताक्षरतज्ज्ञाकडून 1930 मध्ये छायाचित्रांवरून अभिप्राय घेतला. 2004 मध्ये मिशिगनमध्ये फ्रेडरिक ग्लेशर यांनी सुरू केलेला सुधारणावादी बहाई पंथही याच भूमिकेवर उभा आहे. मला हा पाया ठिसूळ वाटतो. अब्दुल बहांचे चिटणीस राहिलेले अहमद सोहराब यांच्याहून ते हस्ताक्षर जवळून ओळखणारा टीकाकार दुसरा कोण असणार? शोगी एफेंदींच्या कारभाराला विरोध केल्यामुळे ते स्वतः बहिष्कृत झाले, तरीही मृत्युपत्र अस्सलच आहे, असे त्यांनी मानले. मला त्यांची वाट अधिक प्रामाणिक वाटते. त्यांनी कागदाशी भांडण मांडले नाही. ज्युली चॅनलर यांच्यासह 1929 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र संस्था काढली, आणि ‘बहाई’ हे नाव वापरण्यापासून त्यांना रोखण्यासाठी दावा लावला गेला, तेव्हा धर्माच्या नावावर कोणाची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल 1941 मध्ये न्यायालयाने दिला.

समाधीपाशी एक वृद्ध इराणी बाई फुले घेऊन आल्या होत्या. मी सुधारणेचा विषय काढला, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “बाहेरून पाहणाऱ्याला संघटना म्हणजे बेडी वाटते,” त्या म्हणाल्या, “पण क्रांतीनंतर इराणात आमच्या मुलांना विद्यापीठाची दारे बंद झाली, तेव्हा घराघरांत वर्ग कोणी भरवले?” यावर मला उत्तर देता आले नाही. 1980 च्या ऑगस्टमध्ये इराणच्या राष्ट्रीय आध्यात्मिक सभेचे, म्हणजे तिथल्या बहाईंच्या निवडून आलेल्या मंडळाचे, सर्व नऊ सदस्य पळवून नेण्यात आले आणि पुन्हा कधीच दिसले नाहीत. 18 जून 1983 रोजी शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी देण्यात आले. असल्या वरवंट्याखाली जो समाज तगून राहिला, तो केवळ सुट्या साधकांचा मेळा असता तर तगला असता, असे मला म्हणवत नाही.

म्हणूनच माझ्या लेखी सुधारणेचा खरा प्रश्न मृत्युपत्राच्या सहीचा नाही. प्रत्येकाने सत्याचा स्वतंत्र शोध घ्यावा, हे ज्या धर्माचे पायाभूत तत्त्व, त्या धर्मात बहाईने आपल्या धर्माविषयी लिहिलेले पुस्तक प्रकाशनापूर्वी संस्थेकडून तपासून का घ्यावे लागते? स्त्री-पुरुष समता शिकवणाऱ्या धर्माच्या सर्वोच्च संस्थेत स्त्रीला जागा का नाही? आणि शोध घेता घेता एखादा साधक वेगळ्या निष्कर्षाला पोहोचला, त्याने वेगळे नेतृत्व मानले, तर त्याच्याशी बोलणेसुद्धा आप्तांनी का सोडावे? स्त्रियांना वगळण्याच्या बाबतीत त्या बाईंनी धर्मग्रंथाकडे बोट दाखवले आणि अब्दुल बहांनी त्यामागचे शहाणपण पुढे उमगेल असे सांगितल्याचे म्हटले; तिसऱ्या प्रश्नावर मात्र त्या थांबल्या आणि आपला एक चुलतभाऊ असाच तुटला असल्याचे त्यांनी सांगितले. त्याच्यासाठी त्या रोज प्रार्थना करतात, पण पत्र लिहीत नाहीत. ते पत्र लिहिण्याची मोकळीक त्यांना ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी ही सुधारणा झाली असे मी मानेन, मग ती कोणत्या नावाने होवो.