पेट्रोलच्या झाकणाआतला आकडा

गाडी घेतल्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत मामाचा फोन आला. केवढ्याला पडली, किती पळते, हे बाकीच्यांचे प्रश्न. मामानं इंजिन पेट्रोल-हवेचं मिश्रण किती दाबतं ते विचारलं, “कंप्रेशन किती हाय तिचं?”

“अकरास एक.”

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, “अकरा? मंग बाई, पेट्रोल पाहून टाकजो.”

मामाचं गॅरेज आमच्या आर्वी तालुक्यात, तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. टिनाचं छप्पर, समोर कडुनिंब, त्याखाली उघडून ठेवलेल्या दोन-चार मोटरसायकली. शाळेच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्या मी तिथे काढल्या. पाना दे, प्लग घास, कार्बोरेटरचं जेट फुंकून साफ कर, ही माझी कामं. आज मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी करते, त्याचं मूळ त्या कडुनिंबाखाली आहे. म्हणून पहिल्यांदा स्वतःच्या हौसेसाठी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा मी एक जुनी, २००३ ची पोर्शे बॉक्स्टर घेतली. दोन सीट, वरचं छत उघडणारं, सहा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे. घेतल्यावर पहिली अडचण आली ती पेट्रोल पंपावर.

इकडे पंपावर ‘झिरो पाहा’ म्हणणारं कोणी नसतं. गाडी लावायची, नोझल उचलायचं, स्वतःच भरायचं आणि आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. एका पंपावर पेट्रोलच चार प्रकारचं: सुपर ई-१०, सुपर, सुपर प्लस आणि कंपनीचं सगळ्यात महागडं. प्रत्येकावर ऑक्टेनचा आकडा, तो काय ते पुढे सांगते: पहिल्या दोघांवर ९५, तिसऱ्यावर ९८, चौथ्यावर कुठे १०० तर कुठे १०२. गोल चिन्हात ई-५ किंवा ई-१० लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात जास्तीत जास्त किती टक्के इथेनॉल आहे ते. चौकोनी चिन्ह दिसलं की ते डिझेल, तिकडे हात न्यायचा नाही.

मी १०२ भरलं. गाडी भारी, मग पेट्रोलही सगळ्यात भारी, एवढाच विचार. तीन महिने तेच भरत राहिले. साध्या सुपरपेक्षा लिटरमागे साधारण वीस सेंट जास्त, म्हणजे पन्नास लिटरमागे दहा युरो, आपले नऊशे-हजार रुपये. ते पैसे वाया गेले. गाडी थोडी तेज वाटायची, पण वहीत प्रत्येक टाकीचे किलोमीटर लिहीत होते आणि वही वेगळं सांगत होती. पुढचे तीन महिने ९८ भरून पाहिलं, तर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला तेवढंच पेट्रोल लागलं. चढावर गाडीचा ओढही तोच.

उत्तर पहिल्या दिवसापासून गाडीवरच लिहिलेलं होतं. बॉक्स्टरची टाकी पुढच्या उजव्या बाजूला भरतात. तिथलं झाकण उघडलं की आत ९८ असा आकडा आहे. गाडीसोबतच्या पुस्तकात त्याचा खुलासा आहे: हे इंजिन ९८ साठी बनवलंय, पण ९५ मिळालं तरी चालेल, कारण इंजिन स्वतः जुळवून घेतं. त्यापेक्षा वरचं पेट्रोल भरून काही मिळतं असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

हे मामाला सांगितलं तेव्हा त्यानं मला ऑक्टेन समजावून सांगितलं. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत जे वाचलं होतं, तेच त्यानं शंकरपटावरून, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीवरून सांगितलं.

“झेंडी पडाच्या पयले जे जोडी उधळते, ते कितीबी जोमाची असो, काय कामाची? धुरकऱ्याचे हात फाटतेत, बंडी वाकडी होते. चांगली जोडी थरथरते, पण झेंडीपर्यंत थांबते. पेट्रोलाचंबी तसंच हाय.”

ऑक्टेन हे पेट्रोलचं बळ नाही, थांबायची ताकद आहे. पिस्टन वर येताना पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो. अकरास एक म्हणजे अकरा भाग जागेतलं मिश्रण एका भागात. दाबलं की ते तापतं. पिस्टन अगदी वर पोचायच्या जरा आधी प्लगची ठिणगी पडते आणि तिथून ज्योत पसरत जाते. पण पसरणारी ज्योत उरलेल्या, न जळलेल्या मिश्रणाला कोपऱ्यात आणखी दाबते. पेट्रोलमध्ये दम नसेल तर ते कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायची वाट न बघता एकदम पेटतं. त्या धक्क्यानं पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंती वाजतात. हेच नॉकिंग. आमच्या गॅरेजात त्याला ‘घुंगरं वाजतेत’ म्हणायचे. चढावर, वरच्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर पूर्ण दिला की तो टिणटिण आवाज अगदी स्पष्ट यायचा. तो दुर्लक्षित राहिला तर पिस्टनच्या डोक्याला खड्डे पडतात, रिंगा बसतात त्या कडा तुटतात, हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग, जातं.

आकडा कुठून आला, तेही मला फार आवडतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत ही मोजपट्टी ठरली. आयसोऑक्टेन नावाचा द्रव सहज नॉक होत नाही, त्याला १०० दिले. हेप्टेन लगेच नॉक होतो, त्याला शून्य. म्हणजे ९५ चं पेट्रोल हे ९५ भाग आयसोऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच सोसतं. कंप्रेशन कमी-जास्त करता येणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनात घालून ही तुलना करतात. त्या काळी ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये शिसं घालत. १९२१ मध्ये तो उपाय सापडला आणि जगभरच्या लेकरांनी पुढची कित्येक दशकं ते शिसं श्वासात घेतलं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीत बंद झालं. मामाच्या गॅरेजात मी प्लग घासायची तेव्हाच्या प्लगवरची काजळी आठवली की अजूनही हात धुवावेसे वाटतात.

आता देशोदेशीच्या आकड्यांचा घोळ. माझी एक शाळेतली मैत्रीण अमेरिकेत डेन्वरला असते. तिनं पंपाचा फोटो पाठवला, त्यावर ८५. “आपल्या गावापेक्षाबी हलकं पेट्रोल देतेत वो इथं,” म्हणाली. तसं नाही. ऑक्टेन मोजायच्या दोन रीती आहेत. एक रिसर्च, मिनिटाला ६०० फेऱ्यांवर. दुसरी मोटर, मिनिटाला ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण जास्त तापवून, म्हणून जास्त कठोर. युरोपात आणि भारतात पंपावर रिसर्चचा आकडा लिहितात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात, त्यामुळे तिथला आकडा चार-पाचानं लहान दिसतो. तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१, तिथलं ९३ म्हणजे इथलं साधारण ९८. डेन्वरचं ८५ खरोखर एक पायरी खालचं आहे, कारण शहर सोळाशे मीटर उंचीवर आहे, हवा विरळ आहे आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या तिथे कमी नॉक व्हायच्या. आताच्या टर्बो गाडीत तो हिशेब लागू पडत नाही, टर्बो हवा स्वतःच दाबून भरतो. मैत्रिणीला मी झाकणाआतला आकडा बघायला सांगितलं. तिच्या गाडीवर किमान ८७ होतं. तेव्हापासून ती ८५ भरत नाही.

माझ्या गाडीत ९५ भरलं तर काय होतं, हेही मी मुद्दाम करून पाहिलं. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. आत स्फटिकासारखा एक तुकडा, थरथर झाली की त्यातून वीज निघते. ती बघून गाडीचा संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकतो, म्हणजे टायमिंग मागे घेतो. जुन्या बुलेटचे ठिणगीचे पॉइंट ढिले करून मामा कानानं जे करायचा, ते आता सेकंदात कितीदा तरी आपोआप होतं. नुकसान होत नाही, पण ओढ कमी होतो. शहरात मला काही जाणवलं नाही. पण ब्लॅक फॉरेस्टच्या चढावर, जुलैतल्या उन्हात, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी स्पष्ट जड वाटली. ९८ ला तोच चढ तिनं हलकेच घेतला. म्हणून आता माझं ठरलेलं आहे: नेहमी ९८, अडलंनडलं तर ९५, आणि १०२ ला हात नाही. महागड्या पेट्रोलमध्ये इंजिन आतून साफ ठेवणारी रसायनं जास्त असतात हे खरं, पण तो वेगळा गुण आहे, ऑक्टेनचा नव्हे.

यंदा मे महिन्यात घरी आले तेव्हा मामेभावानं त्याची सेकंडहँड बुलेट दाखवली. साडेतीनशे सीसी, कंप्रेशन साडेआठ. शहरात गेला की तो महागातलं पॉवर पेट्रोल भरून यायचा. “ताई, पिकअप पाय कसा वाढला!” आपल्याकडे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये मोठ्या शहरांत आलं तेव्हा लिटरला १६० रुपये होतं. साडेआठच्या इंजिनाला त्यातला एक रुपयाही उपयोगाचा नाही. ठिणगी पुढे घ्यायला सेन्सर नाही, संगणकाला तेवढी अक्कल दिलेली नाही. त्याला मी वही करायला सांगितलं, माझ्यासारखी.

पण घुंगरं मात्र खरंच वाजत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सत्याग्रही घाटात गेलो. दुपारचे चार, पंचेचाळीस अंशांचं ऊन, हवा चुलीसारखी. आत जाणारी हवाच इतकी तापलेली असली की मिश्रण आधीच निम्मं पेटायला आलेलं असतं, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चौथ्या गिअरमध्ये पस्तीसच्या वेगानं तो चढ घेत होता आणि टिणटिण सुरू झाली. मी मागून म्हटलं, तिसरा टाक. आवाज निम्मा झाला, पण गेला नाही.

घरी येऊन विचारलं तेव्हा कळलं, आदल्या दिवशी पेट्रोल संपलं म्हणून त्यानं रस्त्यावरच्या एका दुकानातून दोन बाटल्या भरल्या होत्या. उरलेली अर्धी बाटली मामानं घेतली, फिल्टर पेपरवर दोन थेंब टाकले आणि उन्हात धरले. चांगलं पेट्रोल उडून जातं, मागे काही राहत नाही. इथे मधोमध तेलकट डाग राहिला. रॉकेल. रॉकेलचा ऑक्टेन फारच खालचा, त्यामुळे थोडंसं मिसळलं तरी सगळ्या पेट्रोलचा दम जातो. मामा डोक्याला हात लावून बसला. पोराला रागावला नाही, पण टाकी त्याच संध्याकाळी रिकामी करून घेतली, आणि नंतर हेड काढून पिस्टनवरचा कार्बनही खरवडला, कारण साचलेला कार्बन जागा व्यापतो आणि कंप्रेशन वाढवतो.

गावाकडच्या वाचकांनी एवढं तरी करावं. पंपावर फिल्टर पेपर मागायचा आपल्याला हक्क आहे, तो त्यांनी ठेवलाच पाहिजे. घनताही मोजून मागता येते. पंधरा अंशाला पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या मध्ये असायला हवी. लाजायचं काही कारण नाही.

आपल्याकडे आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारणा झाली. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, त्यामुळे घुंगरं वाजायची भीती त्यानं कमीच होते. पण लिटरमागे त्यात उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, म्हणून अॅव्हरेज थोडं पडतं. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त जोर नव्हे, याचा याहून सरळ पुरावा नाही. दुसरं, इथेनॉल पाणी ओढतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे वॉशर त्यासाठी बनवलेले नसतात, ते बदलून घ्यावेत. आणि चार-चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नये, रिकाम्या जागेतल्या हवेतला ओलावा आत उतरतो.

माझी गाडीही आता उभी राहणार. इथे हंगामी नंबर प्लेट मिळते, तिच्या कडेला महिने छापलेले असतात. माझ्या प्लेटवर चार आणि दहा, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. शनिवारी ९८ नं टाकी काठोकाठ भरली, टायरमध्ये हवा थोडी जास्त घातली, बॅटरीला चार्जर लावला. बंद करायच्या आधी मामाला फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. तो मिनिटभर ऐकत राहिला.

“एकदा रेस दे,” म्हणाला.

दिली.

“नाई वाजत. ठेव आता झाकून.”