नायट्रोजन तोडला, तरी प्लास्टिक का मिळत नाही?

माध्यमातला नायट्रोजन कमी केला तरी जिवाणूकडून प्लास्टिक का मिळत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मातीतला बॅसिलस मेगाटेरियम घेऊन प्रकल्प करणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. कार्बन भरपूर आणि नायट्रोजन तुटपुंजा असला की हा जिवाणू पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे पेशीत साठणारं जैविक प्लास्टिक) साठवतो, हे खरंच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लेम्वान यांना 1926 साली पीएचबी सापडलं ते याच जिवाणूत. पण साठवायला आधी पेशी लागतात आणि पेशी नायट्रोजनशिवाय होत नाहीत.

हिशेब मांडून बघा. लिटरला 1 ग्रॅम अमोनियम सल्फेट म्हणजे 0.21 ग्रॅम नायट्रोजन. त्यातून, पीएचबी सोडून, जेमतेम दीड ग्रॅम कोरड्या पेशी होतात. तो आणखी कमी केलात तर पेशींतल्या पीएचबीची टक्केवारी देखणी दिसेल, पण हाती काही लागणार नाही. 20 ग्रॅम ग्लुकोजला 2 ग्रॅम अमोनियम सल्फेटपासून सुरुवात करा, म्हणजे कार्बन-नायट्रोजन प्रमाण 19 ला 1 येतं. तुलना कायम लिटरमागे मिळालेल्या पीएचबीच्या ग्रॅमांची करा. 2 ग्रॅम पेशींत 60 टक्के म्हणजे 1.2 ग्रॅम, 5 ग्रॅम पेशींत 40 टक्के म्हणजे पूर्ण 2 ग्रॅम.

तापमान 30 अंश, पीएच 7, शेकर मिनिटाला 150 ते 180 फेऱ्यांवर, आणि 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये माध्यम 50 मिलीच. जास्त भरलं की हवा पुरत नाही. ग्लुकोज आणि मॅग्नेशियम सल्फेट वेगवेगळं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करून मागाहून मिसळा, नाहीतर माध्यम तपकिरी होतं, गाळही बसतो. पीएच रोज मोजा. अमोनियम वापरताना पेशी आम्ल सोडतात. बफर (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) कमी पडला की वाढ थांबते आणि आपण समजतो, नायट्रोजन संपला.

सगळ्यात जास्त पीएचबी हातचं जातं ते उशिरा काढणी केल्यामुळे. बॅसिलस बीजाणू (तग धरणारी सुप्त अवस्था) बनवायला लागला की साठवलेलं स्वतःच खातो. म्हणून 24 तासांनंतर दर सहा तासांनी एक स्लाइड करा: वाळवलेल्या थरावर सुदान ब्लॅक हा रंग 10 मिनिटं, झायलीनने धुवा, मग काही सेकंद सॅफ्रॅनिन हा दुसरा रंग. गुलाबी पेशींत काळे-निळे कण ठासून दिसले की लगेच सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे वेगाने फिरवून पेशी वेगळ्या काढा. बीजाणू दिसायला लागले तर समजा, उशीर झाला.

ग्लुकोजऐवजी साखर कारखान्याची मळी वापरणार असाल, तर तिच्यात स्वतःचा नायट्रोजन असतो. तो आधी तपासून घ्या आणि तेवढं अमोनियम सल्फेट कमी करा.