बार्टन क्रीकला जाताय? आधी पाणी बघा

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला नवीन आलेल्या कुणीही विचारलं की वीकेंडला काय करायचं, तर उत्तर ठरलेलं असतं, ग्रीनबेल्टला जा. बार्टन क्रीक ग्रीनबेल्ट म्हणजे भर शहरातलं ओढ्याकाठचं जंगल, झिल्कर पार्कपासून सुरू होतं, मुख्य ट्रेल सातेक मैलांचा, वरून हायवेचे पूल जातात आणि खाली आपण चुनखडीच्या कड्यांच्या कडेकडेने चाललेलो असतो. कड्यांवर दोर लावून पोरं-पोरी क्लाइंबिंग करत असतात, सायकलवाले मागून आवाज देत येतात, आणि कुत्री तर माणसांपेक्षा जास्त.

पण निघायच्या आधी इथले लोक फोनवर हमखास बघतात की क्रीकला पाणी आहे का. लूप 360 या हायवेच्या पुलाजवळ सरकारी मापक बसवलाय, सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते ऑनलाइन दिसतं. आकडा शून्य असला की पोहायचं सामान घरी ठेवायचं आणि फक्त चालायला जायचं, बरा असला की ट्विन फॉल्सला टॉवेल टाकायलाही जागा मिळत नाही (फॉल्स ऐकून मोठा धबधबा डोळ्यासमोर आणू नका, खडकाच्या पायऱ्यांवरून पाणी पडतं इतकंच, पण बसायला झकास) आणि आकडा अचानक चढलेला असेल तर मुकाट्याने घरी बसायचं. पाऊस कुठेतरी वरच्या अंगाला पडतो आणि लोंढा खाली येतो, इथे आभाळ निरभ्र का असेना.

उन्हाळ्यात तर हा ओढा बहुतेक कोरडाच. पांढरे गोटे, खडकात पाण्याने कोरलेले गोल खड्डे, एखाद्या डबक्यात अडकलेले छोटे मासे. मला खरं सांगायचं तर असा कोरडा ओढाच जास्त आवडतो कारण तेव्हा त्याचा तळ बघायला मिळतो, आणि सगळी गंमत त्या तळातच आहे. इथला चुनखडीचा खडक भेगा आणि पोकळ्यांनी भरलेला आहे, वरून आलेलं पाणी वाटेतच आत जिरतं, खाली एडवर्ड्स ॲक्विफर नावाचा भूजलसाठा आहे त्यात जातं आणि झिल्कर पार्कात बार्टन स्प्रिंग्जच्या झऱ्यांमधून परत वर येतं. त्याच झऱ्यांच्या पाण्यावर तिथला मोठा पोहण्याचा तलाव चालतो, पाणी बारा महिने साधारण 20-21 अंश सेल्सियस, म्हणजे ऑगस्टच्या भट्टीतही उडी मारली की दात वाजतात.

संशोधकांनी वर पाण्यात रंग सोडून बघितलंय, काही दिवसांतच तो झऱ्यात उतरतो. म्हणजे मध्ये गाळून निघायला फारसा वावच नाही. ट्रेलच्या तोंडाशी कुत्र्याची घाण उचलायच्या पिशव्यांची पेटी असते ना, ती निव्वळ शिस्तीसाठी नाही, वर टाकलेलं सगळं खाली निघतं आणि तिथे माणसं पोहतात. शिवाय त्या झऱ्यांत बोटभर लांबीचा बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) राहतो, जगात या परिसराबाहेर कुठेच नाही, 1997 पासून अमेरिकी केंद्र सरकारच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तरी काही महाभाग पिशवी भरून, नीट गाठ मारून ती ट्रेलच्या कडेला ठेवून जातात. येताना उचलू म्हणे! कोण उचलतं?

हे जंगल, हा ओढा असाच फुकट शाबूत राहिलेला नाही बरं का. 1990 च्या जूनमध्ये क्रीकच्या वरच्या अंगाला प्रचंड मोठी वसाहत बांधायचा प्रस्ताव सिटी कौन्सिलपुढे आला तेव्हा शेकडो लोक बोलायला आले, सुनावणी रात्रभर चालली आणि पहाटे प्रस्ताव फेटाळला गेला. मग 1992 मध्ये ऑस्टिनकरांनी मतदान करून कायदाच आणला की झऱ्यांकडे पाणी जाणाऱ्या भागात जमिनीचा किती हिस्सा काँक्रीट-डांबराखाली घालायचा याला मर्यादा. बिल्डर अजूनही कुरकुरतात.

आता कुणी येणार असाल तर, मार्च ते मे उत्तम. काचेच्या बाटल्या चालत नाहीत, कुत्रा पट्ट्यावर. तीन-तीन पानांची झुडपं दिसली की हात लावू नका, पॉयझन आयव्ही असू शकते, खाजून हैराण व्हाल. गुरुवारी बार्टन स्प्रिंग्जचा तलाव सफाईसाठी बंद ठेवतात, त्यामुळे जाण्याआधी वेळ बघून घ्या. आणि ट्रेलवरच्या हिल ऑफ लाइफ नावाच्या उभ्या टेकडीवरून खाली उतरलात तर प्यायचं पाणी राखून ठेवा, तो चढ परतीच्या वाटेवर असतो.